दोन चाळीसचं भुंकणं

मागच्या खोलीचं कुलूप काढायचं नाही, आणि का काढायचं नाही हेही विचारायचं नाही.

घरात नियमांना तोटा नव्हता. काकांच्या खुर्चीत बसायचं नाही, जेवताना फोन हातात घ्यायचा नाही, दिवा विनाकारण जळता ठेवायचा नाही. पण त्या सगळ्यांवर भांडता तरी यायचं. भांडून कात्रीने त्यातले दोनतीन मोडीतही काढले होते. हा एकच नियम असा होता की त्याचा विषय निघाला की आई ओट्याकडे तोंड फिरवायची, बाबा वर्तमानपत्रात शिरायचे आणि काका म्हणायचे, "विषय संपला." विषय सुरू व्हायच्या आतच संपलेला असायचा.

तिला घरात सगळे कात्री म्हणत. जीभ तशी चालायची म्हणून. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, सुट्टीला घरी आली होती, आणि आल्या दिवसापासून तिचा एकच उद्योग चालला होता, भोंग्याची वकिली.

भोंगा म्हणजे तिचा कुत्रा. वर्षापूर्वी हॉस्टेलच्या सायकल स्टँडमागे सापडलेलं ते पिल्लू तिने पिशवीत घालून घरी आणलं, तेव्हा काका म्हणाले होते, "या घरात कुत्रं नको." का नको, तर विषय संपला. आईने मात्र एक शब्द न बोलता बशीत दूध ओतलं, आणि पिल्लू राहिलं. भोंगा हे नाव गल्लीने ठेवलं.

कारण तो भुंकायचा. टपालवाल्यावर, सायकलवर, दारावरच्या घंटेवर, कधी नुसत्या सावलीवर. बाबा खिडकीतून ओरडायचे, "गप्प बस!" आणि तो दुप्पट जोराने सुरू व्हायचा.

"बाबा, त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय," कात्री म्हणाली. "जोडीदार मिळाला म्हणून खूश होतो तो."

"मग मी काय करू?"

"तुम्ही थांबा. मग तोही थांबेल."

बाबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण खिडकीतलं ओरडणं बंद झालं, आणि भोंगाही खरंच निवळला. तिने रस्त्याकडच्या काचेला खालून अर्ध्यापर्यंत कागद लावला, सावल्या दिसेनाशा झाल्या. रोज संध्याकाळी त्याला तासभर पळवून दमवलं. घंटा वाजली की आपल्या गोधडीवर जाऊन बसायचं, बसलं की बिस्किट, हे शिकवलं. महिन्याभरात दिवसाचं भुंकणं इतकं कमी झालं की शेजारची शिंपीण म्हणाली, "आजारी आहे का गं तो?"

राहिलं ते रात्रीचं.

त्यासाठी तिने वही केली. अकरा रात्री जागून लिहिलं. वेळ काय, तोंड कुणीकडे, कान कसे, शेपटी कशी. अकराही रात्री एकच नोंद. दोन चाळीस. तोंड मागच्या खोलीकडे. एकदा भुंकायचं आणि थांबायचं. मागे वळून झोपलेल्या घराकडे बघायचं. पुन्हा एकदा भुंकायचं. असं पाऊण तास.

वही दाखवली तर काकांनी ती उघडलीसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरच्या नर्सने लेखी तक्रार दिली होती, शिंपिणीनेही खाली सही केली होती. मोठ्यांची बैठक बसली आणि ठरलं. शनिवारी सकाळी नऊ वाजता काकांच्या ओळखीचे डॉक्टर भोंग्याचा आवाज काढून टाकणार. घशात दोन छोटे काप. नंतर तोंड उघडेल, मान हलेल, पण बाहेर येईल ती फक्त हवा. काकांनी जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. "दुखत नाही," ते म्हणाले. कोणाला दुखत नाही, ते म्हणाले नाहीत.

शुक्रवारी रात्री कात्री बोळात येऊन बसली. बोळ म्हणजे स्वयंपाकघरापासून मागच्या खोलीपर्यंतची अरुंद वाट, एका पिवळ्या दिव्याची. भोंगा तिच्या मांडीला टेकून झोपला होता. शेजारी काकांची मुलगी, चिमणी, गुडघ्यावर उशी घेऊन. ही बारावीत, भित्री, पण गंमत चुकवायची नाही.

दोन वाजून गेले तेव्हा काका आले. हातात खुर्ची.

"झोपा आता. सकाळी लवकर निघायचंय."

"किल्ली द्या, काका."

"कसली?"

"तुमच्या कमरेला आहे ती. तो त्या दाराकडे बघून भुंकतो. आत काय आहे ते मी एकदा बघते. उंदीर असेल, पाइप गळत असेल, वटवाघूळ असेल. कारण सापडलं की त्याचा गळा कापावा लागणार नाही."

"काही गोष्टी…"

"विषय संपला, हेच ना?"

चिमणीने उशीत तोंड खुपसून हसू दाबलं. काका हसले नाहीत. त्यांनी खुर्ची मांडली, दाराकडे पाठ करून बसले आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले.

"ऐका तर मग," ते म्हणाले. "मी हे बघितलेलं नाही. माझ्या ओळखीचा एक माणूस होता, त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. कुत्र्यांचा मास्तर."

हा मास्तर दवाखान्यात नेहमी यायचा. खिशात बिस्किटं, काखेत वही. ज्यांची कुत्री फार भुंकतात त्यांच्या घरी तो जायचा, रात्रभर बसायचा, लिहायचा.

"माझ्यासारखा," कात्री म्हणाली.

"तुझ्यासारखा. पण कमी बोलणारा."

एकदा त्याला एका घरून बोलावणं आलं. डिसेंबरचा महिना. घरात दोन भाऊ, थोरल्याचं लग्न व्हायचं होतं, धाकट्याची बायको, तिचं पाच महिन्यांचं तान्हं मूल. आणि त्या भावांची बहीण. बहिणीला दोन दुखणी होती. एक दम्याचं. दुसरं झोपेत चालण्याचं. एकदा पहाटे ती चौकात सापडली होती, अनवाणी, डोळे उघडे आणि झोपेत. तेव्हापासून रात्री तिच्या खोलीला बाहेरून कडी घालायचे. तिच्याच भल्यासाठी. दम्याचं औषधही खोलीत ठेवायचे नाहीत. झोपेत भलतंच काही पिऊन टाकेल म्हणून.

"आणि दम लागला तर?" चिमणीने विचारलं.

"तर कोणीतरी उठायचंच. कारण कुत्रं भुंकायचं."

घरचं कुत्रं तिच्या दाराबाहेर झोपायचं. अधूनमधून, दोन-अडीचच्या सुमारास, ते भुंकायला लागायचं. घर जागं व्हायचं. कोणीतरी चडफडत उठून कडी काढायचं. आत ती उठून बसलेली, धापा टाकत. तिला औषध द्यायचं, बाळाला थोपटायचं, कुत्र्याला लाथ घालायची आणि पुन्हा झोपायचं. असं चार महिने चाललं. घरच्यांचं म्हणणं ठाम होतं. मेलं कुत्रं अवेळी भुंकतं, ती दचकून उठते, दचकली की तिला दम लागतो. कुत्रं गप्प झालं की तीही झोपेल आणि बाळही.

कात्री ताठ बसली. "उलटं," ती म्हणाली.

"काय?"

"हे उलटं आहे. तिला आधी दम लागायचा. आवाज फुटत नसेल तिचा. कुत्र्याला धाप ऐकू यायची. म्हणून ते भुंकायचं. एवढं साधं कळलं नाही कोणाला?"

काकांनी कमरेची किल्ली चाचपली.

"मास्तरला शंका आली होती," ते म्हणाले. "तो म्हणाला, कुत्रं हाकलतं तेव्हा सलग भुंकतं, पुढे झेपावतं. हे एकदा भुंकतं आणि मागे वळून बघतं. हे हाकलत नाही… बोलावतंय. त्याने विचारलं, आधी काय होतं, भुंकणं की धाप? भाऊ म्हणाले, भुंकणं. त्यांना ऐकू तेच आधी यायचं ना. आणि म्हणाले, तुमचं काम भुंकणं थांबवणं. बाकीचं आम्ही बघतो."

"आणि त्याने ऐकलं?"

"मोठ्या माणसांचं घर. त्याने ऐकलं."

सहा रात्री मास्तर त्या बोळात बसला. त्याची रीत अशी की ओरडायचं नाही, मारायचं नाही. कुत्रं भुंकलं की गप्प राहायचं. ते श्वास घ्यायला थांबलं की हळूच मोजायचं. एक, दोन, तीन. तीनपर्यंत गप्प राहिलं, तर बिस्किट. मग पाचपर्यंत. मग दहापर्यंत. मग वीस. दाराला लागूनच बसायचा तो. हलक्या आवाजात मोजायचा. आत जागं असलेल्या माणसाला… सगळं ऐकू जात असेल.

भोंग्याने झोपेत पाय झाडला. चिमणी दचकली आणि कात्रीचा दंड धरून बसली.

"सहाव्या रात्री कुत्रं भुंकलंच नाही," काका म्हणाले. "नुसतं उठून दारासमोर बसलं. बिस्किटाची वाट बघत. घरच्यांनी मास्तरचे हात हातात घेतले. मास्तर म्हणाला, आता मी येत नाही. तुम्ही फक्त लक्षात ठेवा. ते गप्प बसलेलं दिसलं की बिस्किट द्यायचं. नाहीतर विसरेल."

"नंतर?"

"नंतर एकोणीस तारीख. गुरुवार."

काकांचा आवाज खाली आला होता. ऐकायला पुढे वाकावं लागत होतं.

"त्या रात्री बाळ भुकेने उठलं. बाळाची आई दमलेली होती. बाप उठला. बाटली गरम करायला स्वयंपाकघरात गेला. भिंतीवर घड्याळ होतं. दोन चाळीस. बाटली घेऊन वळला… तर बोळात कुत्रं बसलेलं. दारासमोर. ताठ. अंग थरथरतंय. पण गप्प. त्याने मागे वळून बघितलं. बापाकडे. मग दाराकडे. मग बापाकडे. तोंड उघडायचं… आणि मिटायचं."

"काका…" चिमणी म्हणाली.

"बापाला ते किती शहाणं वाटलं. त्याने डब्यातून बिस्किट काढलं. दिलं. डोक्यावर थोपटलं. आतून… काहीतरी घासल्यासारखं आलं. एकदाच. खाली. जमिनीपाशी. त्याला वाटलं, झोपेत चालतेय. चालू दे. कडी आहे."

पिवळ्या दिव्याभोवती एक किडा टकटक आपटत होता.

"सकाळी कडी काढली. दार ढकललं, तर उघडेना. तीच आडवी होती. दाराशी."

चिमणीने उशी छातीशी ओढली.

"कुत्रं तिथेच बसलेलं. रात्रभर. समोर ते बिस्किट… तसंच. खाल्लेलं नव्हतं."

"पुढे मास्तरचं काय झालं?" कात्रीने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"महिन्याने त्या घरून पुन्हा बोलावणं आलं. कुत्रं गप्पच होतं. पण दोन चाळीसला उठायचं, बंद दाराकडे बघून शेपटी हलवायचं आणि बसायचं. घरच्यांना ते बघवेना. मास्तर म्हणाला, एक रात्र बसतो. बसला. दोन चाळीस झाले. कुत्रं उठलं. बसलं. मास्तरने सवयीने मोजायला तोंड उघडलं… आणि त्याच्या आधी…"

काका थांबले. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"त्याच्या आधी दारापलीकडून कोणीतरी मोजायला लागलं. हळू. धाप लागलेल्या आवाजात. एक… दोन… तीन… मास्तर उठला, वही तिथेच टाकून गेला. पुन्हा त्याने कुत्र्यांचं काम केलं नाही. घरच्यांनी खोलीला कुलूप घातलं. कुत्रंही फार जगलं नाही. म्हणून सांगतो, पोरींनो. कुत्रं ज्या दाराकडे बघून भुंकतं, ते दार उघडायचं नसतं."

चिमणी कात्रीला चिकटली होती. कात्रीला मात्र भीतीपेक्षा राग आला होता. या माणसांना एवढी मोठी गोष्ट कळली होती आणि तिच्यातून त्यांनी काय शिकावं? तर कुलूप लावावं. आणि पुढचं कुत्रं बोलावायला लागलं की त्याचा गळा कापावा.

"काका, त्या बाळाचं वय आज किती असेल?"

काका खुर्ची बाजूला सरकवून उठले.

"वीस? कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असेल?"

"कात्री…"

"आत्या मोठ्या दवाखान्यात वारली, असं सांगितलं होतं तुम्ही. सगळी सोय होती म्हणून सांगितलं होतं." तिने घसा खाकरला. "मास्तर तर त्या रात्री नव्हता. मग हे बघितलं कोणी? बाटली कोणी गरम केली? बिस्किट कोणी दिलं?"

"मी."

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. बाबा उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मागे आई, पदर तोंडावर धरून.

"तू रडत होतीस," बाबा म्हणाले. "मला वाटलं… आता तू पुन्हा जागी होणार नाहीस. कुत्रं गप्प आहे. मला फार बरं वाटलं त्या रात्री."

एवढंच बोलले. त्यांच्या तोंडून सलग चार वाक्यं निघालेली कात्रीने क्वचितच ऐकली होती. तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण तिने फक्त भोंग्याच्या पाठीवर हात ठेवला.

मांडीवरचं ओझं हललं.

भोंगा उठला.

तो दारापाशी गेला. नाक फटीला लावलं. एकदा भुंकला. थांबला. मागे वळला. काकांकडे बघितलं. बाबांकडे. आईकडे. तिच्याकडे.

पुन्हा एकदा.

कात्रीने हात पुढे केला. काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली नाही, होही नाही, नाहीही नाही. आईच पुढे आली. तिने काकांच्या कमरेची किल्ली सोडवली, मोठ्या दिरांना जन्मात कधी हात न लावलेली बाई, आणि मुलीच्या हातात ठेवली. तिचे हात गार होते.

कुलूप गंजलेलं होतं. दोनदा अडलं. तिसऱ्यांदा फिरलं. कडी खाली पडताना खण्णकन वाजली आणि भोंगा गप्प झाला.

दार उघडलं.

काही नव्हतं. एक लोखंडी खाट. गादी. तिच्यावर अंथरलेली चादर, धुळीने करडी झालेली. बंद खिडकी. भिंतीशी एक खुर्ची. जमिनीवर धुळीचा थर, सारखा, न मोडलेला. ना उंदराची लेंडी, ना पाण्याचा डाग. वास फक्त बंद राहिल्याचा.

भोंगा आत गेला. धुळीत त्याच्या पंजांचे ठसे उमटत गेले, एकट्याचेच. खाटेपाशी जाऊन तो खाली बसला, वर चढला नाही. शेपटी जमिनीवर हळूहळू आपटत राहिली. एखादं ओळखीचं माणूस उठून बसावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तसा तो वर बघत होता. मग त्याने सुस्कारा सोडला आणि डोकं पुढच्या पायांवर टेकलं. दोन मिनिटांत झोपला.

बोळातून सगळे बघत होते. चिमणी रडत होती, आवाज न करता.

कात्री त्याला उचलायला वाकली. तोल सांभाळायला तिने खाटेवर हात टेकला. आणि तशीच राहिली.

"काय झालं?" आईने विचारलं.

तिने हात उशीपाशी सरकवला. मग पायथ्याकडे. मग पुन्हा मधे आणला.

"बाहेर ये," काका म्हणाले. आवाज चिरकला होता. "बघितलंस ना? झालं समाधान? आता ये आणि कुलूप लाव."

"नाही."

"ऐक माझं. मोठ्यांनी काही विचार करून…"

"नाही लावणार." ती ओरडली नाही. ओरडायची गरजच उरली नव्हती. "हे दार आता उघडं राहील. दिवसा, रात्री, सगळे झोपल्यावरही. आणि सकाळी नऊला भोंगा कुठेही जाणार नाही. डॉक्टरांना तुम्ही फोन करा, नाहीतर मी करते. शिंपिणीला आणि नर्सबाईंना काय सांगायचं ते मी सांगेन. तो बोलावत होता. तुम्हाला कळत होतं की तो बोलावतोय, काका. एकदा मास्तरने सांगितलं होतं. तरी तुम्ही त्याचाही आवाज काढायला निघालात."

"असल्या गोष्टींत पडायचं नसतं, पोरी…"

"मग बाबा, तुम्ही या. या इकडे. इथे हात लावून बघा."

बाबा आले. धूळ तुडवत, बोळातून खाटेपर्यंतची ती सात-आठ पावलं टाकायला त्यांना फार वेळ लागला. कात्रीने त्यांचा हात धरला आणि गादीच्या मधोमध ठेवला, जिथे चादरीला माणसाच्या अंगाएवढा खळगा होता.

वीस वर्षं बंद असलेल्या खोलीत, धुळीच्या थराखाली, गादी कोमट होती.

काकांनी काहीतरी विचारलं. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी हात काढला नाही.